दहा गुंठ्यांसाठी बियाणं: गावरान की संकरित?

गावी राहायला येऊन घरापुरतं पिकवायचं ठरलं, की पहिलं कोडं बियाण्याचं पडतं. गेली सहा वर्षं मी घरामागच्या दहा गुंठ्यांत गावरान आणि संकरित दोन्ही लावतोय आणि दोन्हींत मार खाल्लाय. त्यामुळे विचारणाऱ्याला एवढंच सांगतो, सरसकट एक बाजू धरू नका, पीक बघून ठरवा.

वाल, घेवडा, चवळी यांत गावरानच घ्या. यांचं परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलातच होतं, म्हणून बी आईच्या वळणावर जातं. जोमदार वेलांना चिंधी बांधायची, त्यांच्या शेंगा तोडायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या. पैसे एकदाच जातात. मात्र साठवण चुकली की सगळं गेलं. पहिल्या वर्षी मी वाल नीट न वाळवता डब्यात भरले. जूनमध्ये झाकण काढलं तर दाण्यादाण्याला गोल भोक, तळाला पीठ आणि भुंग्यांची वळवळ. शेजारच्या आजींनी एक दाणा दाताखाली धरायला लावला. कट्‌कन फुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन दे, म्हणाल्या. तेव्हापासून कडक ऊन देतो, चाळलेल्या राखेत कालवतो, मडक्यात भरून तोंड शेणानं लिंपतो.

टोमॅटोचं गणित वेगळं. संकरित रोप एका हंगामात भरभरून देतं, फळ टिकतं, काही वाण रोगालाही दाद देत नाहीत. पण ते बी पुढच्या वर्षाला धरू नका. मी धरलं होतं. एका झाडाला लिंबाएवढी फळं, दुसऱ्याला लांबट, तिसरं नुसतंच पाल्यानं माजलेलं. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेले गुण पुढच्या पिढीत असे फुटतात. गावरान टोमॅटो पातळ सालीचा, आंबट, वाहतुकीत फुटणारा. पण आपल्याला तो बाजारात न्यायचाच नाहीये. साराला त्याच्यासारखा दुसरा नाही. मी दोन ओळी गावरान लावतो आणि एक संकरित.

भेंडीला तिसरी वाट आहे आणि ती फार कमी जण विचारतात: सुधारित सरळ वाण, म्हणजे निवडून सुधारलेला, पण संकरित नसलेला. आमची गावरान भेंडी केवडा रोगानं दोनदा पिवळी पडली. पांढरी माशी आली की आठवड्यात पानांच्या शिरा हळदीसारख्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ याच रोगासमोर तग धरण्यासाठी काढलेली आहे, आणि ती संकरित नसल्यानं बीही धरता येतं. पिशवीवर निळी खूणचिठ्ठी असेल तर बियाणं प्रमाणित समजा. जवळपास दुसरी भेंडी मात्र नको, मधमाश्या मिसळ करतात.

खरी जपणूक वेलवर्गात लागते. दुधीच्या बियाण्यात जवळच्या कडू वेलाचा पराग मिसळला, तर पुढच्या पिढीचा दुधी कडू निघू शकतो. कडू दुधी विषारी असतो, शिजवूनही तो दोष जात नाही. चाखताना कडू लागला तर थुंका आणि टाकून द्या. बी धरायचं असेल तर दुपारीच मादी आणि नर कळ्या दोऱ्यानं बांधा. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा नर फूल हातानं मादी फुलावर फिरवा आणि मादी फूल पुन्हा बांधा. एवढा वेळ नसेल तर दुधीचं बी दरवर्षी खात्रीच्या ठिकाणाहून आणा, त्यात कमीपणा नाही.

ज्वारीत रब्बीला मालदांडी हा सरळ वाण लावा, भाकरीसाठी आणि कडब्यासाठी. बाजरीचा पराग वाऱ्यावर एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा शेजारी संकरित असेल तर घरचं बी शुद्ध राहत नाही.

गावरान बी मिळवायला अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावाचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पण आधी आपल्याच गावातल्या म्हाताऱ्यांची मडकी धुंडाळा.

आणि कुठलंही बी असो, मृगाआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी मोजा. ७० च्या वर रुजले तर पेरा, ५०-६० रुजले तर बी दीडपट टाका, त्याहून कमी असेल तर बी बदलायला अजून वेळ आहे.