नेमनोडच्या मेमरीसाठी कोणते डेटा स्ट्रक्चर: ट्रीमॅप की क्रमवार ॲरे?

हडूपच्या एचडीएफएस या अनेक यंत्रांवर पसरलेल्या फाइल प्रणालीत सर्व फाइली, डिरेक्टरी आणि ब्लॉक (फाइलींचे तुकडे) यांच्या नोंदी नेमनोड हा सर्व्हर आपल्या मेमरीतच ठेवतो. दर नोंदीला सुमारे १५० बाइट, असा ढोबळ हिशेब धरला जातो. म्हणजे एकेका ब्लॉकच्या १ कोटी फाइलींना, फाइल व ब्लॉक अशा दोन-दोन नोंदी धरून, ३ जीबी. अशी प्रणाली स्वतः उभारणाऱ्याने वेगाच्या आधी बाइट मोजावेत, असे माझे मत आहे. पुढील आकडे ४ बाइटांचे रेफरन्स (दुसऱ्या ऑब्जेक्टकडे नेणारे दुवे) वापरणाऱ्या ६४-बिट जेव्हीएमचे, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेचे, आहेत.

डिरेक्टरीतील नावे क्रमाने ठेवायला ट्रीमॅप, म्हणजे नोंदी झाडाच्या रूपात क्रमाने ठेवणारी जावातील रचना, सहज सुचतो. मात्र त्याच्या प्रत्येक नोडमध्ये हेडरचे १२ बाइट, पाच रेफरन्सचे २० आणि रंगाचा १ असे ३३ बाइट असतात व आठच्या पटीत ते ४० होतात, तर क्रमवार ॲरेलिस्टला त्याच नोंदीसाठी ४ बाइट आणि वाढीसाठी राखलेली थोडी मोकळी जागा पुरते. एचडीएफएसने ट्रीमॅप सोडून ॲरेलिस्ट घेण्याचा हा बदल फार लवकर केला. ॲरेत मधोमध नाव घुसवताना पुढच्या सगळ्या नोंदी सरकवाव्या लागतात, हा आक्षेप खरा आहे. पण १ लाख नोंदींच्या डिरेक्टरीत हे काम सुमारे २ लाख सलग बाइट हलवण्याचे असते, आणि शोध १७ तुलनांत संपतो. लाखो नावे एकाच डिरेक्टरीत सतत विस्कळीत क्रमाने येत असतील, तरच ट्रीमॅप घ्यावा.

नावांच्या बाबतीत फारसा विचार करावा लागत नाही. ‘पार्ट-०००००’ या धर्तीचे १० रोमन अक्षरांचे नाव जावा ८ मध्ये स्ट्रिंग म्हणून ६४ बाइट घेते आणि नुसता बाइट ॲरे म्हणून ३२. जावा ९ च्या आटोपशीर स्ट्रिंगनेही ते ५६ वरच थांबते.

ब्लॉकच्या तक्त्यासाठी साधा हॅशमॅप (किल्लीवरून थेट नोंदीची जागा काढणारा तक्ता) दर नोंदीला ३२ बाइटांचा वेगळा नोड बनवतो. एचडीएफएसचा लाइटवेट जीसेट हा स्वतःचा हॅश तक्ता एकाच कप्प्यात आलेल्या नोंदींना जोडणारा ‘पुढचा’ हा दुवा ब्लॉकच्याच ऑब्जेक्टमध्ये ठेवून तो नोड वाचवतो. त्याच्या ॲरेचा आकार सुरुवातीलाच ठरतो, त्यामुळे मध्येच रीहॅशचा (तक्ता वाढवून नोंदी नव्याने मांडण्याचा) खोळंबाही होत नाही; मात्र अंदाज चुकला तर एकेका कप्प्यातील नोंदींच्या साखळ्या लांबतात.

हीप, म्हणजे जेव्हीएमने ऑब्जेक्टसाठी राखलेली मेमरी, ३२ जीबीच्या पुढे नेताच रेफरन्स ४ ऐवजी ८ बाइटांचे होतात आणि ट्रीमॅपचा नोड ४० वरून ६४ वर जातो. त्यामुळे ३१ जीबीवरून ३४ जीबीवर गेल्यास उलट कमीच नोंदी मावू शकतात.