मायक्रोटिक हेक्स जीआर३: राउटर झकास, लॉगिंग मात्र बसवून घ्यावं लागतं

सांगली मार्केट यार्डातलं अडत दुकान असो की कुपवाड एमआयडीसीतलं छोटं युनिट, पाच गिगाबिट पोर्टांचा हा डबा पुरून उरतो. तक्रार आहे ती लॉगच्या, म्हणजे राउटरवर काय घडलं याच्या नोंदींच्या, मूळ सेटिंगबद्दल. लॉग मेमरीत राहतो, तोही १००० ओळी. लाईट गेली की पाटी कोरी! ‘डिस्क’ निवडावी, तर आतली फ्लॅश (कायमची साठवण) अवघी १६ एमबी आणि सततच्या लिखाणाने झिजणारी. मायक्रोएसडीची खाच आहे, पण सगळ्यात बरं म्हणजे लॉग राउटरबाहेर काढणं.

राउटरच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, लॉगिंग, ॲक्शन्स इथे ‘रिमोट’ला लॉग साठवणाऱ्या संगणकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, पोर्ट ५१४. तो आयपी स्थिर हवा. लॉग ज्या पद्धतीने जातो ती यूडीपी पोचपावती घेत नाही, त्यामुळे पत्ता बदलला तरी राउटर मुकाट पाठवत राहतो आणि चूक कुठेच दिसत नाही. मग रूल्स, म्हणजे कुठल्या विषयाच्या नोंदी कुठे जाणार ते. इथे बरेच जण फसतात: एकाच रूलमध्ये स्वल्पविराम देऊन लिहिलेले विषय ‘किंवा’ नसून ‘आणि’ असतात. डीएचसीपी (संगणकांना आयपी वाटणारी सेवा) आणि फायरवॉल (ये-जा तपासणारा पहारेकरी) एकत्र टाकले तर एक ओळही येत नाही. दोन वेगळे रूल करा, डीएचसीपीच्या रूलमध्ये डीबग (बारीकसारीक तपासणीच्या नोंदी) वगळा. फायरवॉलमध्ये फक्त नव्या कनेक्शनची नोंद ठेवा, नाहीतर पूर येतो.

बोर्डावर घड्याळाची बॅटरी नाही. एनटीपी क्लायंट (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) चालू करून एनआयसीचा (सरकारी माहिती केंद्राचा) ‘समय१’ सर्व्हर आणि आशिया/कोलकाता झोन दिला नाही, तर नोंदींच्या वेळा कुचकामी. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी तेही बघावं. लॉग साठवणाऱ्या संगणकावर डेबियन (लिनक्स) आणि त्यात नोंदी घेणारा आरसिसलॉग घेतलात तर जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची ‘वीकली, रोटेट ४’ ही ओळ बदला. ती तशीच राहिली तर महिनाभरापूर्वीचं सगळं गुपचूप पुसलं जातं.

एवढं केल्यावर हा राउटर खरा बोलायला लागतो. ‘ईथर३ लिंक डाऊन’, दोन सेकंदांनी ‘लिंक अप’, पण वेग १ जीऐवजी १०० एम, असं दिवसातून चारदा दिसलं आणि संगणक गिगाबिटचा, चालू असेल (स्लीपमध्ये गेला तरी वेग उतरतो), तर केबलची एखादी जोडी सुटलेली समजा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. नवा राउटर घेण्याआधी दोन्ही टोकांचे आरजे४५ (केबलचे प्लग) कापून नवे क्रिम्प करून (दाबून बसवून) बघा.