जुना लॉक-जिग घ्यावा की नवा? भोक पाडण्याआधीची तुलना

गोल मुठीचं कुलूप बसवायला दोनच भोकं लागतात: दाराच्या पृष्ठभागातून आरपार एक मोठं आणि काठातून आत जाणारं एक लहान. पण ती काटकोनात मिळाली नाहीत तर लॅच, म्हणजे दार अडवणारी सरकती जीभ, अडकते. असं कुलूप वॉल्टर श्लेग यांच्या कंपनीनं (सॅन फ्रान्सिस्को, १९२०) रुजवलं, १९४६ साली कॅलिफोर्नियात क्विकसेट ही दुसरी कुलूप कंपनी आली. युद्धानंतर अमेरिकेत घरं भराभर उभी राहताना एकसारखी भोकं पाडणारे जिग, म्हणजे दाराला अडकवून ड्रिलला नेमकी वाट देणारे साचे, सुतारांच्या हाती आले. तेच आज तिथल्या गराज सेलला (घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत) आणि ऑनलाइन बाजारात मिळतात.

आधी ओळख पटवा. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं जड अंग, दार दोन्ही बाजूंनी पकडणारा शिकंजा आणि ड्रिल बिटला वाट देणारं कडक पोलादी बुश असेल, तर तो भोकाचा जिग. मोठं भोक २-१/८ इंच (५४ मिमी) आणि काठाचं १ इंच (२५.४ मिमी) हवं. कॅलिपर लावून पाहाच, कारण जुन्या कुलपांसाठी ७/८ इंचाचं (२२ मिमी) काठभोकही चालत असे. मग बॅकसेट, म्हणजे काठापासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते २-३/८ इंच (६० मिमी) किंवा २-३/४ इंच (७० मिमी) असतं. भारतात मिळणारी बरीच गोल मुठीची कुलपंही याच दोन मापांची असतात, त्यामुळे असा जिग इथल्या दारालाही चालू शकतो.

दुसरा प्रकार लॉक मॉर्टायझर. यात मोटर काठावर बसते, हँडल फिरवून खाली-वर सरकते आणि चपट्या पेटीच्या मॉर्टिस कुलपासाठी खोल खाच कापते. पोर्टर-केबल या अवजार कंपनीचं ५१३ हे याचं ओळखीचं उदाहरण. अंगावर रॉकवेल असं नाव दिसलं तर तो १९६० नंतरचा, कारण त्या साली रॉकवेलनं पोर्टर-केबल विकत घेतली.

तिसरा पर्याय नवा प्लास्टिकचा संच, सोबत ५४ आणि २५ मिमीचे होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या नळीसारख्या करवती. एक-दोन दारांसाठी आम्ही तोच सुचवू. पण होल सॉ घासून प्लास्टिकचं तोंड रुंद होत जातं, आणि भोकातला लाकडी गोळा दर वेळी सॉमधून उचकटावा लागतो. दहा-बारा सारखी दारं असतील तर जुना ओतीव जिगच घ्यावा. मॉर्टायझर फक्त मॉर्टिस कुलपांचं काम सतत असेल तरच परवडतो. एखाद्या पेटीसाठी शारडीनं ओळीत भोकं पाडून पटाशीनं साफ करणं बरं.

जुना जिग विकत घेताना बुश हा जीव आहे. त्यात बिट घालून हलवा. २५ मिमी लांबीच्या बुशमध्ये अर्धा मिलिमीटर खेळ असला, तरी ६० मिमी पुढे टोक १ मिमीहून जास्त सरकतं, आणि लॅच तिरकी बसते. बिट सोबत हवेत. अर्ध्या इंची दांड्याचा बिट ड्रिलच्या १० मिमीच्या चकमध्ये (बिट पकडणाऱ्या जबड्यात) बसत नाही, १३ मिमीचा चक लागतो. फेसप्लेटची (काठावर लॅचभोवती बसणाऱ्या पट्टीची) रूपरेषा ठोकून उमटवणारा शिक्का असेल तर उत्तम, पण त्याचे कोपरे तपासा. बऱ्याच फेसप्लेट १ × २-१/४ इंचाच्या असतात, काहींचे कोपरे गोल, काहींचे चौकोनी.

वापरताना दार पाचरींनी घट्ट करा. मूठ जमिनीपासून साधारण ३६ ते ३८ इंचांवर धरा. शिकंज्याच्या जबड्याखाली चामडं किंवा पातळ प्लाय ठेवा, नाहीतर रंगात खूण उमटते. पोकळ दारात, आत लॉकसाठी ठोकळा नसेल तर शिकंजा फळी दाबतो, तिथे तो बेतानंच आवळा. मोठं भोक आधी पाडा. मंद गतीवर, बाजूचं हँडल धरून, एका बाजूनं टोक बाहेर येईपर्यंत जा, मग दुसऱ्या बाजूनं पूर्ण करा. आरपार एकाच बाजूनं गेलं की मागचा पापुद्रा फाटतो. नंतर काठाचं भोक मोठ्या भोकात उघडेपर्यंत न्या.

इथे बहुतेकांची गफलत होते. दाराच्या काठाला साधारण ३ अंशांचा उतार असतो, म्हणजे ४४ मिमी दारात दोन कोपऱ्यांत सुमारे २.३ मिमी फरक. हातानं दोन्ही बाजूंनी वेगवेगळं मोजलं तर भोकं तेवढीच चुकतात. जिग हा घोळ टाळतो, पण तो पुढे आलेल्या कोपऱ्याला टेकला तर बॅकसेट काठाच्या मध्यापासून सुमारे १.१ मिमी कमी पडतो. म्हणून आखणी नेहमी काठाच्या मध्यरेषेवरून करा, आणि फेसप्लेटची खाच मात्र उताराप्रमाणेच कापा. ती साधारण ४ मिमी खोल लागते, पण आकडा प्लेट मोजूनच ठरवा.