बाबांचा आवाज ॲपला गोंगाट वाटतो : पार्किन्सनच्या ऑनलाइन गटाचा आठ महिन्यांचा अनुभव

परवा बुधवारचा गट बाबांच्या वाक्याच्या मधोमध तुटला. मोफत व्हिडिओ कॉलची ४० मिनिटं भरली, स्क्रीन काळी. निधीचं वर्ष संपलं, सोबत पैसे भरलेला प्लॅनही गेला. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे मला कळतं, पण पार्किन्सनच्या माणसाला वाक्य सुरू करायलाच वेळ लागतो. बाबांची पाळी ३६व्या मिनिटाला आली होती.

गट हवाच कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी : आमचा न्यूरॉलॉजिस्ट बसने साडेतीन तासांवर. पोहोचेपर्यंत लेवोडोपाच्या, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाच्या, एका गोळीचा असर उतरलेला असतो, म्हणजे डॉक्टर दर वेळी ‘ऑफ’मधलेच बाबा बघतात. आणि गावात हा आजार असलेलं दुसरं कोणी आम्हाला माहीत नाही.

आता माझं मुख्य दुखणं. या आजारात आवाज बारीक आणि एकसुरी होतो. ॲपमध्ये पंखा, गाड्या असले आवाज गाळायची सोय आपोआप चालू असते. तिने बाबांनाच गाळलं! दोन महिने ते बोलत होते आणि पलीकडे शांतता. चेहऱ्यावरचे भावही कमी झालेले, त्यामुळे लोकांना वाटलं यांना रस नाही. जो मोठ्याने बोलेल त्याचा चौकोन मोठा होतो, म्हणून त्यांचा कधी मोठा झालाच नाही. शेवटी गट चालवणाऱ्या ताईंनी फोन करून, माझ्याकडून एकेक बटण दाबून घेत, ते सेटिंग बंद करवलं. त्या बुधवारी पंख्याच्या घरघरीसकट बाबा सगळ्यांना ऐकू आले. पंख्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. हे सेटिंग पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनवर बंद करायला काय खर्च होता?

तिसऱ्या महिन्यात मी इथेच लिहिलं होतं की देणगीदाराचं नाव छापलेले टॅब म्हणजे निव्वळ उधळपट्टी, घरचा फोन पुरे. ते अर्धं मागे घेतो. थरथरत्या बोटाने फोनवर एकदा दाबायला जावं तर तीनदा दाबलं जातं. टॅबवर बटणं मोठी, शिवाय ॲक्सेसिबिलिटीत स्पर्शाची वेळ वाढवून दिली की चुकून कॉल कटत नाही. छापलेल्या नावाबद्दल मत तेच.

फायदा म्हणाल तर स्वयंपाकघराचा उंबरा. बाबा तिथे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकायचे, आणि मागून ढकललं की पडायची भीती. गटातले एक काका म्हणाले, जमिनीवर एकेका पावलाच्या अंतराने आडव्या पट्ट्या चिकटवा आणि पट्टी ओलांडायला सांगा. घरात पडलेली चिकटपट्टी वापरली, म्हणजे खर्च शून्य. पहिल्याच दिवशी ते मोजत मोजत पार झाले. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, डोळ्यांना खूण मिळाली की पाऊल उचलतं. प्रथिनं गोळीच्या आड येऊ शकतात, हेही आम्हाला आधी गटातच कळलं. मग डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी आणली. दुपार सुधारली.

निधीचं गणित मात्र उलटं. टॅब ‘साधनसामग्री’त, त्यांना पैसे भरपूर. ताईंचं मानधन ‘प्रशासकीय खर्चा’त, त्यावर मर्यादा. अहवालात किती टॅब वाटले ते येतं. मंगळवारी संध्याकाळी घरोघरी फोन करून “काका, उद्या येताय ना? गोळी दहाला घ्या, म्हणजे अकराला ‘ऑन’ असाल” असं सांगणं कुठल्या रकान्यात लिहिणार? मानधन थांबलं तसे ते फोनही थांबले. १४ जण यायचे, परवा सहा होते.

आता आम्ही घरं मिळून वर्गणी काढतोय. मीही देतोय, कुरकुरत. यादीत मी पहिल्या ओळीत ‘ॲपचा प्लॅन’ लिहून वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी ते खोडून वर काहीतरी लिहिलं. अक्षर इतकं मुंगीएवढं की मला फोटो काढून मोठा करावा लागला : ‘आधी ताईंचे’.