नॅपकिन स्टँड घेताय? आधी उलटा करून बघा

बेसिनच्या ओट्यावर ठेवायचा नॅपकिन स्टँड ही काही डोकं खाजवून घ्यायची वस्तू नाही, असं वाटतं खरं. पण घरातल्या धातूच्या वस्तूंपैकी फार थोड्यांच्या वाट्याला एवढा छळ येतो. वर ओला कपडा दिवसभर लटकलेला, खाली ओट्यावर साचलेलं पाणी, चहूबाजूंनी साबणाचे शिंतोडे आणि अधूनमधून टॉयलेट क्लीनरची वाफ. भिंतीवरच्या दांडीला निदान बुडाखाली पाणी तरी साचत नाही. म्हणून स्टँड निवडताना चमक नंतर बघावी. आधी बूड आणि जोड बघावेत, कारण तो बिघडायला बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते.

खरी फसगत स्टेनलेस स्टील आणि क्रोमचा मुलामा दिलेलं लोखंड या दोघांत होते. नवीन असताना दोन्ही सारखेच झळकतात, आतून मात्र दोघांचा काही संबंध नाही. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम धातूतच मिसळलेलं असतं. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. चरा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा धरतो. मुलाम्याचं तसं नाही. शोभेच्या मुलाम्यात क्रोमचा थर साधारणपणे एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो आणि खरं संरक्षण त्याच्याखालचं निकेल करतं. निकेल देताना हात आखडला असेल, तर बारीक छिद्रांतून पाणी लोखंडापर्यंत पोचतं, गंज आतल्या आत पसरतो, वर फोड येतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. स्टेनलेसवरचे वरवरचे तपकिरी ठिपके बरेचदा पुसून निघतात. मुलाम्याचे पापुद्रे निघायला लागले की त्यावर घरगुती इलाज नाही.

मग क्रोमचे नळ वर्षानुवर्षं कसे टिकतात? त्यांच्या आत बहुधा पितळ असतं, लोखंड नव्हे. म्हणजे क्रोम वाईट नाही, तो कशावर चढवलाय हे महत्त्वाचं. पितळेवर क्रोम दिलेला स्टँड मिळाला तर खुशाल घ्यावा.

लोहचुंबक सोबत न्या, पण त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा तेही माहीत असू द्या. दांड्याला चुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे किंवा 430 ग्रेडचं स्टेनलेस. हे 430 स्टेनलेसच असलं, तरी ओलाव्यात 304 ग्रेडच्या स्टेनलेसइतकं टिकत नाही. चिकटला नाही तर 304 असू शकतं, 201 किंवा 202 असू शकतं, नाहीतर पितळही. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 200 मालिकेत (म्हणजे 201, 202) निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि बाथरूममध्ये त्यावर डाग लवकर दिसायला लागतात. चुंबक या दोघांतला फरक सांगू शकत नाही, त्यामुळे ग्रेड छापील माहितीत नसेल तर विचारून घ्यावा. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं. समुद्राच्या अगदी काठावर राहणाऱ्यांना त्याचा उपयोग, बाकीच्यांना 304 पुरेसं आहे.

दांडा आणि बूड दोन्ही वेगवेगळे तपासा. बूड जड व्हावं म्हणून आत लोखंडी चकती, वाळू किंवा सिमेंट भरतात आणि वरून स्टीलचा पातळ पत्रा बसवतात. वरून सगळं झकास. उलटं केल्यावर मात्र नुसता चिकटवलेला कागद किंवा फेल्टची (दाबून केलेल्या जाड, लोकरीसारख्या कापडाची) चकती दिसते. फेल्ट ओट्याला ओरखडे पडू देत नाही हे मान्य, पण पाणी धरून ठेवतो. त्याच्या कडेने गंजाचं वर्तुळ ओट्यावर उमटायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा रबराचे किंवा सिलिकॉनचे तीन-चार छोटे पाय बरे, बुडाखालून हवा खेळते. काळं रबर फिकट दगडावर डाग सोडू शकतं, तिथे पारदर्शक सिलिकॉन बघावं. फेल्टवाला स्टँड आधीच घरात असेल तर चकती काढून असे पाय चिकटवता येतात.

जोडाचंही तसंच. वेल्ड केलेला दांडा सैल होत नाही. आट्यांचा दांडा नॅपकिन ओढताना हळूहळू फिरतो, आणि त्या फटीत साबणाचं पाणी जाऊन बसतं. तरीही आट्यांचा स्टँड मी सरसकट नाकारणार नाही, कारण तो उघडून आतून कोरडा करता येतो. स्क्रू मात्र स्टेनलेसचाच हवा. साधा लोखंडी स्क्रू स्टीलच्या संगतीत ओला राहिला की आधी तोच गंजतो.

काळ्या मॅट स्टँडची सध्या चलती आहे. त्यावरचं पावडर कोटिंग (भुकटी फवारून भट्टीत पक्का केलेला रंग) मुलाम्यापेक्षा कितीतरी जाड असतं आणि अखंड असेपर्यंत चांगलं काम करतं. पण धारदार कडांवर ते पातळ बसतं आणि नेमकं तिथेच अंगठी किंवा बांगडी घासते. आत लोखंड असेल तर टवका उडाला की गंज ठरलेला, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस असेल तर टवका फक्त वाईट दिसतो. शिवाय पाण्यात क्षार जास्त असतील तर काळ्यावर प्रत्येक थेंबाचा पांढरा ठसा उठतो. रोज पुसायची तयारी नसेल तर काळा घेऊ नये. त्या बाबतीत ब्रश फिनिशचं (बारीक रेघांचं, कमी चमकणारं) स्टील सगळ्यात सोसणारं. डाग पडत नाहीत असं नाही, पण नजरेत भरत नाहीत.

पितळ लाल गंज धरत नाही, काळवंडतं. बिनलॅकरचं (वर पारदर्शक वार्निशसारखा थर नसलेलं) पितळ पुन्हा घासून नव्यासारखं करता येतं, ही त्याची मोठी सोय. लॅकर चढवलेलं पितळ मात्र घासू नये, लॅकर ठिकठिकाणी निघून चट्टे पडतात. बांबू आणि लाकूड कोरड्या बाथरूमपुरतं ठीक. बूड ओलं राहिलं की ते काळं पडतं, फुगतं.

निगा म्हणजे फार काही नाही. नॅपकिन बदलायला काढला की त्याच्या कोरड्या भागाने दांडा आणि बुडाची कड पुसून टाकायची. क्षारांचे डाग स्टीलवर असतील तर विनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून काही मिनिटं लावावं, धुवावं आणि कोरडं करावं. बूड संगमरवरी असेल तर विनेगर, लिंबू काही लावू नका. क्षाराचा डाग बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि संगमरवरही तेच, त्यामुळे डाग विरघळवणारं आम्ल दगडही खातं. तारेची घासणी तर नकोच. तिचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात, मग तेच गंजतात आणि बोल स्टँडला लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान टॉयलेट क्लीनर करतं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर थेंबही उडायची गरज नाही, बंद बाथरूममधली वाफच स्टील आणि क्रोम दोन्हींना डागाळते. ब्लीचमधलं क्लोरीनसुद्धा स्टीलवर बारीक खड्डे पाडतं. (ही दोन कधीही एकत्र वापरू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.) भिंतीवरची दांडी हलवता येत नाही, हा स्टँड उचलून बाहेर ठेवता येतो. सफाईच्या दिवशी तो बाहेर काढायचा आणि वाफ गेल्यावर परत आत आणायचा.

शेवटी तोल. आडवा दांडा बुडाच्या घेराबाहेर गेलेला असेल तर ओल्या नॅपकिनने स्टँड कलंडतो आणि पडला की कडेचं कोटिंग जातं. रिंगपेक्षा सरळ आडवा दांडा चांगला, कपडा पसरून वाळतो आणि धातूही कमी वेळ ओला राहतो.

सरळ सांगायचं तर मी वेल्ड केलेलं, ब्रश फिनिशचं, रबरी पायांचं 304 घेईन. हौस म्हणून बिनलॅकरचं पितळ. घरात क्रोमचा स्टँड असेल आणि त्याला फोड यायला लागले असतील तर बदलायची घाई नाही, पण तो संगमरवरी ओट्यावर असेल तर आजच खाली एखादी प्लास्टिकची बशी सरकवा. दगडात मुरलेला गंज सहजासहजी निघत नाही.