केमोच्या खुर्चीतला सोबती: बटणांचा ई-रीडर

स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झालं आणि बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. जाड कादंबरी धरवेना, पान उलटवेना. पण वाचन सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती. म्हणून ६ इंची ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र घेतलं, कडेला पान उलटायची खरी बटणं असलेलं.

ही बटणंच मला सगळ्यात मोलाची वाटतात. टचस्क्रीनवर बधिर बोट नेमकं कुठे टेकलंय ते कळत नाही, भलतंच काहीतरी उघडतं. बटण दाबलं की हाताला कळतं. शिवाय वजन २०० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे एका हाताला सलाईन असलं तरी दुसऱ्या हातानं आरामात वाचता येतं.

केमोआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्यानं माझी रात्रीची झोप उडते. आधी नुसती कूस बदलत पडायचे. आता प्रकाश अगदी मंद करून वाचते, शेजारच्याची झोपमोड होत नाही. डोकं जड असलं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचावं लागलं, की अक्षर मोठं करते. पानावर मोजक्याच ओळी राहतात आणि गोष्ट हातातून निसटत नाही. हे सुख फार मोठं आहे!

रंगीत चित्रांच्या पुस्तकांसाठी मात्र काळा-पांढरा पडदा घेऊ नका. कव्हर पुसता येईल असं निवडा. पांढऱ्या पेशी कमी असताना स्वच्छता जपावी लागते.

आणि बधिरपणा वाढला तर डॉक्टरांना लगेच सांगा, गरज पडल्यास ते डोस बदलतात. वाचायची सोय झाली म्हणून दुखणं अंगावर काढू नका.