तपासी मुलाखतीचा वर्गात बसून केलेला कोर्स: पाठवायचा असेल तर आधी हे विचारा

तपास अधिकाऱ्यांसाठी असलेला तपासी मुलाखतीचा आठवडाभराचा निवासी कोर्स नुकताच केला. जबाब घेण्याचं काम बरीच वर्षं करणाऱ्या माणसाला यात नवीन काय मिळेल, असं बॅचमधल्या अनेकांना वाटत होतं. मिळतं, आणि भरपूर मिळतं. पण ते स्लाइडवरून मिळत नाही.

पहिला दिवस जवळपास सगळा भाषणांचा होता. इंग्लंड-वेल्समध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पीस’ पद्धत (कबुली काढण्याऐवजी माहिती मिळवण्यावर भर देणारी मुलाखतीची पद्धत) का आणावी लागली, हा भाग ऐकण्यासारखा होता. गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोट खटल्यांत दबावाखाली घेतलेल्या कबुल्यांवर 1975 साली निरपराध लोकांना जन्मठेप झाली आणि ते अनुक्रमे 1989 आणि 1991 साली सुटले. त्या स्फोटांसाठी खऱ्या गुन्हेगारांना शिक्षा कधीच झाली नाही. हे प्रत्येक तपासनिसाने ऐकायलाच हवं. बाकीचं घरी वाचून येता आलं असतं. तेवढा वेळ सरावाला दिला असता तर बरं झालं असतं.

खरा कोर्स दुसऱ्या दिवशी सुरू झाला. चौघांचा गट, छोटी खोली, कॅमेरा, आणि साक्षीदार म्हणून एक व्यावसायिक अभिनेत्री. तिने दुकानातली लूट पाहिली आहे, एवढंच आपल्याला माहीत. एकाने मुलाखत घ्यायची, दुसऱ्याने नोंदी ठेवायच्या, उरलेल्या दोघांनी बाहेरच्या पडद्यावर बघत प्रत्येक प्रश्न मोजायचा: खुला, बंद की सुचवणारा. आमच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी आत गेले. ती सांगत असताना त्यांनी मध्येच “त्याच्या हातात चाकू होता ना?” असं विचारलं. ती “हो, असेल” म्हणाली. तिच्या कागदावर चाकू नव्हताच. भूमिकेतून बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुम्हाला ते हवं होतं असं वाटलं.” खोलीत कुणी काही बोललं नाही. हा धडा व्हिडिओ पाहून अंगात मुरत नाही. समोरचं माणूस आपल्या प्रश्नाप्रमाणे बदलताना दिसावं लागतं.

त्यानंतर लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974चा प्रयोग सांगितला: अपघाताची तीच फिल्म, प्रश्नातलं फक्त क्रियापद वेगळं, आणि गाडीच्या वेगाचा सरासरी अंदाज ताशी सुमारे 32 मैलांवरून 41 वर. चाकूचा प्रसंग ताजा असल्यामुळे तो आकडा सगळ्यांना लगेच पटला. प्रशिक्षकाने हा क्रम मुद्दाम ठेवला होता, आणि त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांची, साक्षीदाराची आठवण जागी करणारी ‘कॉग्निटिव्ह’ मुलाखतही नीट करून घेतली. साक्षीदाराला त्या जागी मनाने परत नेणं, क्षुल्लक वाटलं तरी सगळं सांगायला लावणं, घटना उलट क्रमाने सांगायला लावणं. सर्वांत अवघड गेलं ते गप्प बसणं. उत्तर संपल्यावर थोडं थांबलं की त्या अभिनेत्रीच्या तोंडून गाडीचा रंग, दुसऱ्या माणसाची हाक, असं काहीतरी हमखास यायचं.

तक्रार दोन गोष्टींची. संशयिताच्या मुलाखतीत हातातला पुरावा कधी उघड करायचा, हा तपासातला सर्वांत नाजूक निर्णय, आणि तो शेवटच्या दुपारी घाईत उरकला. एकच प्रसंग, तोही दोघांनाच मिळाला. चेहरा वाचून खोटं पकडता येतं या समजाचं खंडन मात्र चांगलं केलं: संशोधनात माणसांची अचूकता 54 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. प्रमाणपत्र दिलं आणि संबंध संपला. मुलांच्या जबाबांवर मानसशास्त्रज्ञ मायकेल लँब आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात स्पष्ट दिसलं, की मुलाखतींवर नियमित अभिप्राय मिळणं थांबलं की दर्जा पुन्हा घसरतो. तीन महिन्यांनी दोन रेकॉर्ड केलेल्या मुलाखती मागवून त्यावर बोलणं आयोजकांना जमायला हवं होतं.

तरीही माझं मत: नव्याने तपासावर आलेल्यांना नक्की पाठवा, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठांनाही, कारण जबाब तपासून परत पाठवणारे तेच असतात. नोंदणीआधी आयोजकांना विचारा, की प्रत्येकजण प्रत्यक्ष मुलाखत घ्यायला किती वेळा बसेल आणि समोर अभिनेता असेल की सहकारीच. सहकारी समोर असला की तो मदत करतो; साक्षीदार करत नाही.